दवंडी कुणाच्या नावानं

"परवा गुरुवारी, बरोबर अकरा वाजता, तुमच्या वडिलांच्या दारात हलगी लावणार आहे मॅडम. सगळ्या गल्लीत दवंडी देणार, की मुलगी कर्ज बुडवून परदेशात पळाली. तुम्हाला व्हिडिओ कॉल करतो. उचला, म्हणजे तुम्हालाही बघायला मिळेल."

एवढं बोलून तो खोकला. त्या खोकल्यावरूनच मी त्याला ओळखायचे, कारण नाव तो दर वेळी वेगळं सांगायचा.

मी औषधांच्या खोलीत उभी होते, एका हातात सलाईनची बाटली आणि दुसऱ्या हातात फोन. बाटली ठेवली आणि खिशातली वही काढली.

"आपलं नाव?"

"सरनोबत."

"गेल्या आठवड्यात इनामदार होतं. त्याच्या आधी ॲडव्होकेट जहागीरदार."

"आमच्या ऑफिसात भरपूर लोक आहेत मॅडम."

"सगळ्यांना एकच खोकला आहे का?"

फोन कट झाला. वहीत मी तारीख, वेळ आणि 'सरनोबत, हलगीची धमकी' असं लिहिलं.  तोंडाने मी चुरूचुरू बोलत होते, पण 'हलगी' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली गेली.

ही गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची. ओमानमध्ये सोहार म्हणून गाव आहे, तिथल्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते. तिथं जायला एजंटाचे, परीक्षेचे, व्हिसाचे असे मिळून तीन लाख लागले. ते मी भाग्यांकुर फायनान्स नावाच्या कंपनीकडून काढले होते. कागदावर एकटीची सही, पत्ता तासगावच्या घराचा. वर्षभर हप्ते नीट गेले. मग दवाखान्याच्या मालकांमध्ये आपापसात भांडण लागलं आणि आमचे पगार चार महिने अडकले. साठवलेल्यातून मी एक हप्ता रेटला. पुढचे तीन थकले.

माझ्या खोलीतली मैत्रीण शोबी केरळची. तिच्या ओळखीत अशी चार उदाहरणं होती. ती म्हणाली, "भारतातलं सिम काढून फेक. समुद्र ओलांडून कोण येतंय?" मी सिम फेकलं नाही, पण काढून डबीत ठेवलं. अकरा दिवस ते डबीत होतं. त्या अकरा दिवसांत वसुलीवाला समुद्र ओलांडून आला नाही. त्याला गरजच नव्हती. तो तासगावला आमच्या घरी गेला, दाराशी तीन तास बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने माझ्या वडिलांना विचारत राहिला, की तुमची मुलगी तिकडे नक्की काय काम करते.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला यातलं अक्षर सांगितलं नाही. धाकट्या बहिणीने, पौर्णिमाने, शोबीच्या नंबरवर फोन करून सगळं सांगितलं. मग दादांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"पैसं न्हाईत तर न्हाईत म्हण की," ते म्हणाले. "फोन का उचलंनास?"

 त्याच दुपारी सिम फोनमध्ये घातलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून वही घेतली, आणि त्यानंतर एकही फोन चुकवला नाही. कंपनीला रीतसर ईमेल केला, दवाखान्याने पगाराची तारीख लिहून दिली होती ती चिठ्ठी जोडली. ऑफिसकडून उत्तर नाही आणि ह्या बाबाचे फोन मात्र दिवसाला चार. शिव्या दिल्या तरी मी शिव्यांची वेळ लिहून ठेवायचे. हळूहळू त्याची भीड चेपण्याऐवजी माझीच चेपली. तेव्हा त्याने हलगी काढली.

आता आमच्या घरी हलगी लावायची म्हणजे काय, हे सांगायला हवं. माझे वडील सिद्राम वायदंडे. तीस वर्षं ते नगरपालिकेची दवंडी द्यायचे. पाणी दोन दिवस येणार नाही, घरपट्टीची मुदत अमुक, लसीकरण तमुक शाळेत, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. पुढे रिक्षावर कर्णा लागला आणि दवंडी बंद पडली, पण हलगी राहिली. कुस्तीच्या मैदानात, लग्नाच्या वरातीत दादांची हलगी ऐकायला लांबलांबून लोक यायचे. त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात हलगी वाजवली होती, आणि आता त्यांच्या दारात कुणी वसुलीची हलगी वाजवणार होतं. त्यातून रविवारी पौर्णिमाची सुपारी फुटायची होती. मुलगा पलूसचा, दुधाच्या डेअरीत कामाला. त्याची सख्खी मावशी आमच्याच गल्लीत राहायची. गुरुवारी गल्लीत जे होईल ते संध्याकाळपर्यंत पलूसला पोचणार, यात शंका नव्हती. माझ्यामुळे बहिणीचं लग्न मोडणार आणि दादांना त्या गल्लीतून मान खाली घालून जावं लागणार, एवढंच मला दिसत होतं.

मी दादांना फोन लावला आणि हलगीचं सांगितलं. 

"वाजवणार कोन हाय?"

"मला काय माहीत दादा. बाहेरून आणतोय म्हणे."

"बरं."

"तुम्ही आणि पौर्णिमा दोन दिवस मावशीकडे जा. घराला कुलूप लावा."

"कुलपाच्या दारात दवंडी दिली की लोक ती खरी धरत्यात," दादा म्हणाले. "मानूस दारात बसल्याला बरा." आणि फोन ठेवून दिला.

बुधवारचा दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. गुरुवारी सोहारला साडेनऊ झाले, म्हणजे तासगावला अकरा. शोबीने माझ्या वाट्याचे पेशंट सांभाळले आणि मी जिन्याजवळच्या बोळात जाऊन उभी राहिले. फोन अगदी वेळेवर वाजला. बाकी काही म्हणा, माणूस वक्तशीर होता.

त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. चाळिशीचा, चापून भांग पाडलेला, चौकड्याचा शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल. आवाजावरून मला कुणीतरी राक्षस वाटला होता. हा तर बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभा असतो तसा माणूस होता.

"बघा मॅडम," असं म्हणून त्याने फोन फिरवला.

आमची गल्ली दिसली. निळा दरवाजा, पत्र्याचं छप्पर, बाहेर कट्टा, आणि कट्ट्यावर दादा. इस्त्रीचा पांढरा सदरा आणि डोक्यावर फेटा. हा फेटा ते फक्त मैदानाला बांधायचे. मागे दारात पौर्णिमा हाताची घडी घालून उभी. गल्लीतली पंधरा-वीस माणसं आधीच जमलेली, आणि त्यात पुढे, कमरेवर हात ठेवून, मुलाची मावशी. 

गल्लीच्या टोकाला एक टेम्पो थांबला. त्यातून तीन माणसं उतरली, दोघांकडे हलगी आणि एकाकडे साथीचं घुमकं.

"कवठ्याहून आणलेत," वसुलीवाला मला म्हणाला. "इथला एकही यायला तयार झाला नाही. पण आपण काही सोडतो का."

हलगीवाले टेम्पोपाशीच थांबले. गार हलगी वाजत नाही, कातडं तापवून ताणावं लागतं. त्यांच्यातल्या थोराड, पांढऱ्या दाढीच्या माणसाने तिथूनच आवाज दिला, "सायेब, हलगी शेकाय कागुद हाय का?"

साहेबांनी बगलेतला गठ्ठा काढला. माझ्या नावाच्या नोटिसा होत्या, घरोघर वाटायला आणलेल्या. "यातले चार-दोन घ्या," म्हणून त्यांनी गठ्ठाच पुढे केला. थोराड माणसाने गठ्ठा घेतला, काडी लावली, आणि दोन हलग्या आणि चार-दोन कागद यांचा हिशेब काही जमेना म्हणून एकेक करत सगळा गठ्ठा संपवला. साहेब फोनवर मला कॅमेऱ्यातून गल्ली दाखवण्यात गुंग होते. त्यांना पत्ता नाही.

हलगी तापली, टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, हातात आलं, आणि तिघे चालत आमच्या दाराशी आले. आणि थांबले.

"निवृत्ती," दादा कट्ट्यावरून म्हणाले, "हिकडं कुनीकडं रं?"

थोराड माणसाचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. शाळेत न जाता नदीवर गेलेल्या आणि तिथेच मास्तर भेटलेल्या पोराचा असतो तसा.

"वस्ताद," तो म्हणाला. "तुमचं घर हाय व्हय हे?"

आम्ही जुनं घर सोडून या गल्लीत आलो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. निवृत्ती घस्ते आमच्या जुन्या घरी तीन पावसाळे राहून हलगी शिकला होता. मी तेव्हा लहान होते, आईच्या हातची भाकरी तो माझ्याच ताटाशेजारी बसून खायचा. वसुलीवाल्याने फार शहाणपणा करून हलगीवाले बाहेरून आणले, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आमच्या भागात हलगीवाले बाहेरचे मिळतात, हलगी बाहेरची मिळत नाही. पाच-सहा तालुक्यांत चांगला हात म्हणून जो कुणी होता, तो कधी ना कधी दादांच्या अंगणात बसून गेलेला होता.

निवृत्तीने हलगी उतरवून दादांच्या पायाशी ठेवली. मागच्या दोघांनीही आपापलं वाद्य ठेवलं. वस्तादापुढे हलगी अशी ठेवल्याशिवाय वाजवायची नाही, ही आमच्यातली रीत.

"चुकी झाली वस्ताद. तासगावात दवंडी हाय एवढंच सांगितलं आमाला. सुपारी परत करतो अन् जातो."

"अहो, जातो काय?" वसुलीवाला पुढे सरसावला. "ॲडव्हान्स घेतलाय तुम्ही."

वाजंत्री ठरवताना जे पैसे आगाऊ देतात त्यालाही आमच्याकडे सुपारीच म्हणतात. एका आठवड्यात आमच्या घरी दोन सुपाऱ्या आल्या होत्या, आणि दोन्हींवर माझा जीव टांगलेला होता.

"सुपारी घेतलीयास का?" दादांनी विचारलं.

"व्हय," निवृत्ती म्हणाला.

"मग मोडायची न्हाय. घेतलेली सुपारी वाजवायची. उचल हलगी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बोळातल्या भिंतीला मी पाठ टेकली. वसुलीवाल्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि मला बघून हसला. वडीलच म्हणतायत, आता काय कराल, असं त्या हसण्यात होतं. निवृत्तीने हलगी गळ्यात अडकवली, पण त्याचे डोळे जमिनीवर होते.

मग दादा कट्ट्यावरून उठले.

"सायेब, दवंडी द्यायचीय न्हवं? मग रीतीनं दिऊ. हुकूम कुनाचा ते सांगा."

"म्हणजे?"

"दवंडीला आदी हुकूम लागतो, मग मजकूर. नगराध्यक्षांच्या हुकमावरनं, मामलेदारांच्या हुकमावरनं, असं पैलं सांगावं लागतंय. तीस वर्सं दिलीया मी. एक दिवस बी बिननावाची दिली न्हाय. लोकास्नी कळाय पायजे कोन बोलतंय."

"कोर्टाचा हुकूम आहे," वसुलीवाला म्हणाला.

"कंच्या कोर्टाचा? कागुद दावा."

वसुलीवाल्याने बगल चाचपली. मग टेम्पोकडे बघितलं. तिथे जमिनीवर काळी राख भुरभुरत होती.

"कागद यांनीच जाळले," तो म्हणाला.

गल्लीत पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं.

"ऱ्हाऊ दे कागुद," दादा अगदी समजुतीने म्हणाले. "तुमचं नाव सांगा. तुमच्या नावानं दिऊ. फुडं काय झालं तर जबाबदारी तुमची."

"माझं नाव कशाला?"

"आनी कुनाचं?"

त्याने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस मी वहीत जे लिहीत होते तेच दादा त्याला चारचौघांत विचारत होते, आणि माझी वही त्यांनी कधी बघितलीही नव्हती. मी फोन तोंडाजवळ धरला.

"दादा, त्यांना तीन नावं आहेत," मी म्हणाले. "सरनोबत, इनामदार आणि ॲडव्होकेट जहागीरदार. त्यातलं कुठलं घ्यायचं ते विचारून घ्या."

माझी गयावया गल्लीला ऐकू यावी म्हणून त्याने स्पीकर चालू ठेवला होता. माझा आवाज गल्लीत गेला आणि ह्या वेळी हसण्याची लाट उठली. तो घाईघाईने फोन बंद करायला गेला, तोवर निवृत्तीचा भला मोठा पंजा पुढे आला. फोन त्याने काढून घेतला असं म्हणता येणार नाही, पण साहेबांनी दिला असंही नाही. एवढं खरं, की पुढच्या क्षणी पडद्यावर दादांचा फेटा होता.

"उज्ज्वल," दादा म्हणाले. "ह्यास्नी नाव न्हाय. पर पोरं सुपारी घिऊन आल्याती, रिकामी कशी लावायची? दवंडी तू दे. हुकूम तुझा. तू मजकूर सांग, मी वरडतो."

"मी?"

"कर्ज तुझं हाय न्हवं?"

जिन्यावरून एक ओमानी म्हातारा काठी टेकत उतरत होता. दोन आया चादरींची गाडी ढकलत चालल्या होत्या. मी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत तिथे उभी, आणि तासगावात माझी अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. मला पळून जायचं होतं. पण जायचं कुठे, आधीच समुद्रापलीकडे येऊन बसले होते.

"ऐका हो ऐका," मी म्हणाले.

दादांनी ते उचललं. साठीच्या पुढच्या त्या माणसाचा आवाज गल्लीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला गेला. मागोमाग निवृत्तीने हलगीवर टिपरू टाकलं, तीन ठोके, स्वच्छ आणि एकमेकांपासून बरोबर अंतरावर. लहानपणी मी ह्याच ठोक्यांमागून गावभर चालले होते. कुठे थांबायचं आणि कुठे बोलायचं हे माझ्या अंगात होतं, मलाच ते माहीत नव्हतं.

"मी उज्ज्वला सिद्राम वायदंडे, राहणार तासगाव, सध्या मुक्काम सोहार, माझ्या स्वतःच्या हुकुमावरून कळवते."

दादा ओरडले. हलगी वाजली.

"भाग्यांकुर फायनान्सचं कर्ज मी घेतलंय. ते खरं आहे. तीन हप्ते थकलेत. तेही खरं आहे."

हलगी वाजली.

"अकरा दिवस मी फोन बंद ठेवला. ती चूक माझी. त्याआधी आणि त्यानंतर आलेला एकेक फोन मी उचललाय, आणि कोण काय बोललं ते लिहून ठेवलंय."

हे सांगताना दादा क्षणभर थांबले, मग तेही तसंच्या तसं ओरडून सांगितलं.

"मी पळालेली नाही. मी दवाखान्यात नोकरीला आहे. पगार पंचवीस तारखेला होणार. अठ्ठावीसला दोन हप्ते भरणार, राहिलेला पुढच्या महिन्यात. कर्जाचं काही विचारायचं असेल तर मला विचारा. माझ्या वडिलांच्या दारात कुणी यायचं नाही."

मग मी माझा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा. दादांनी एकेक आकडा गल्लीला वाटला. शेवटचे तीन ठोके पडले. ताठ उभी होते मी. खरं सांगते, नर्सिंगची पदवी घेतानासुद्धा मी इतकी ताठ उभी राहिले नव्हते.

पहिल्या बोलल्या त्या मुलाच्या मावशीबाई.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं घरबीर लिहून दिलं का काय कुनाला. हप्ते कुनाचं थकत न्हाईत."

आणि त्या घरी निघून गेल्या. डाळ गॅसवर ठेवून आल्या होत्या म्हणे.

वसुलीवालाही निघाला होता. पण निवृत्ती त्याच्या वाटेत उभा होता.

"सायेब, राहिलेलं दोन हजार."

"कसले? मी सांगितलेलं काम कुठे केलंत?"

"दवंडी द्यायची ठरली हुती. दिली की. गल्ली साक्षीला हाय."

"ऑफिसात गेल्यावर पाठवतो."

"असं कसं? आजचा वायदा हुता."

"सांगितलं ना, नंतर देतो."

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली पौर्णिमा दारातून म्हणाली, "थकवू नका साहेब. तुमच्या दारात हलगी लागंल."

गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. मीही बोळात तोंडावर हात धरून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. वसुलीवाल्याने दादांच्या हातून आपला फोन घेतला. रोख पैसे नव्हते वाटतं, त्याला फोनवरूनच द्यावे लागले. माझ्या पडद्यावरचं चित्र थांबलं, आवाज तेवढा येत राहिला. पलीकडे टिंग असं वाजलं. निवृत्तीला वाचायला वेळ लागायचा, त्याने एकेक शब्द सावकाश वाचला.

"भरत पांडुरंग ठोंबरे... यांच्याकडून... दोन हजार रुपये जमा."

कुणीतरी गर्दीतून विचारलं, "हे ठोंबरे कोन?"

 उत्तर म्हणून मला तोच खोकला ऐकू आला.

पौर्णिमाच्या सुपारीचं काय झालं, ते इथेच सांगून टाकते. रविवारी पलूसची माणसं ठरल्या वेळेला आली. मुलाचे वडील बसल्याबसल्या म्हणाले, "दवंडी कळली आमाला. पोरगी खरं बोलती. बसा आता, पुढचं बोलू." सुपारी फुटली. अठ्ठावीस तारखेला मी दोन हप्ते भरले, आणि त्या संध्याकाळी फोन आला. "मॅडम, भरत ठोंबरे बोलतोय. हप्ते मिळाले, पावती पाठवतो." मी म्हटलं, "पाठवा ठोंबरे." त्यानंतर कर्ज फिटेपर्यंत तो माणूस माझ्याशी सभ्यपणे बोलला. दादांच्या दारात पुन्हा कुणी गेलं नाही.

पण माझ्या मनात राहिलं ते त्या गुरुवारचं शेवटचं बोलणं. पैसे देऊन झाल्यावर ठोंबरे फोन बंद करणार, इतक्यात दादांचा आवाज आला, "सायेब, फोन द्या जरा. पोरीशी एक बोलायचंय." त्याने मुकाट्याने दिला. पडदा हलला आणि दादा पुन्हा दिसले. फेटा थोडा सैल झाला होता.

"दादा, बरी झाली का दवंडी?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल काही विचारलं असेन.

"बरी झाली. आवाज लांबवर जातोय तुझा," ते म्हणाले. "पर एक चुकलं."

"काय?"

"तुझं नाव आलं. आडनाव आलं. मदलं नाव मला ऐकूच आलं न्हाय. मी आपला माझ्या मनानं घातला सिद्राम."

 मला आठवलं, मिरजेला नर्सिंग कॉलेजात चार वर्षं मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझे वडील नगरपालिकेत नोकरीला आहेत. काय नोकरीला, हे कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं तर ऑफिसात, म्हणायचे. हलगी आणि दवंडी हे शब्द मी त्या चार वर्षांत एकदाही तोंडातून काढले नव्हते. दादांना यातलं काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही कधी. पण दवंडी देणाऱ्या माणसाचा कान असतो, कुठला शब्द दबला ते त्याला कळतं.

"चुकलं दादा," मी म्हणाले.

"चुकलं तर आता म्हन. मी ऐकतो हाय."

जिन्यावरचा ओमानी म्हातारा आता खाली पोचला होता आणि काठीवर हात ठेवून माझ्याकडेच बघत होता. चादरींची गाडी थांबली होती. वॉर्डाच्या दारातून शोबी डोकावत होती.

मी श्वास भरून घेतला आणि म्हणाले, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "उज्ज्वला सिद्राम वायदंडे."

"हां," दादा म्हणाले. "आता आलं."